जुन्या नकाशातले गाव

शाळेतल्या जिल्ह्याच्या नकाशावर गाव म्हणजे फक्त एक ठिपका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशात, म्हणजे टोपोशीटमध्ये, त्याच गावाच्या विहिरी, देवळे, गाडीवाटा आणि ओढेही दिसतात. मेट्रिक पद्धत येण्यापूर्वी हे नकाशे एक इंचाला एक मैल या प्रमाणात काढत. नंतर १:५०,००० हे प्रमाण आले. जमिनीवरचे १० किलोमीटर जुन्या नकाशावर सुमारे १६ सेंटिमीटर, तर नव्यावर २० सेंटिमीटर भरतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहताना हा फरक लक्षात घ्यावा.

उदाहरणादाखल इंदापूर तालुक्यातला भीमाकाठ घेऊ. जुन्या नकाशावर नदीचे अरुंद पात्र, काठावर पळसदेवसारखी गावे आणि डिकसळजवळ नदी ओलांडणारी रेल्वे दिसते. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. त्यानंतरच्या नकाशावर तिथे रुंद जलाशय आहे, गावे उंचावर हलली आहेत आणि रेल्वेमार्गही बदलला आहे.

पाणी कुठवर येणार, हे जुन्या नकाशावरून सांगता आले असते का? हो. समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे समोच्चरेषा. उजनी पूर्ण भरते तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, म्हणजे १६३० फूट असते. जुन्या नकाशावर १६०० आणि १६५० फुटांच्या समोच्चरेषा असतात. त्यांच्या दरम्यान, १६५० च्या रेषेकडे थोडी अधिक सरकलेली रेषा मुलांना पेन्सिलीने काढू द्या. धरणाच्या वरच्या बाजूला या रेषेच्या आत जे येते, ते बुडाले. आतल्या विहिरी आणि देवळे मुलांनी मोजावीत. मोजता मोजता 'बुडीत क्षेत्र' या शब्दाचा अर्थ त्यांना आपोआप कळेल.

मात्र नकाशा सगळेच सांगत नाही. विहीर कोणाची होती, त्या पाण्यावर काय पिकत असे, गाव उठले तेव्हा कोण कुठे गेले, याची चिन्हे सर्वेक्षकाच्या यादीत नसतात. ती माहिती माणसांकडेच असते. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि ते पाहायला लोक जातात. पण त्या देवळाभोवतीच्या आळ्या ज्यांना तोंडपाठ आहेत, अशी माणसे आता म्हातारी झाली आहेत.

तुमच्या गावाजवळ धरण नसेल, तरी बुजलेला ओढा किंवा मोडलेली गाडीवाट सापडेलच. मुलांना नकाशा घेऊन आजी-आजोबांकडे पाठवा. त्यांनी सांगितलेली नावे नकाशावर लिहून घ्या आणि तो नकाशा शाळेत जपून ठेवा.