जुनी कुटुंबाची गाडी विकताना

सात-आठ माणसांना सामानसुमानासह सामावून घेणारी एसयूव्ही आता गावोगावी दिसते. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी गेली, की ती दारापुढे नुसती उभी राहते आणि विक्रीचा विचार सुरू होतो. व्यवहार बहुधा ओळखीतच जमतो. पैसे मिळाले, किल्ली दिली, साध्या कागदावर सह्या झाल्या, की आपण मोकळे झालो, अशी विक्रेत्याची समजूत असते. कायद्याला ती मान्य नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार नोंदणीत ज्याचे नाव, तोच सामान्यतः मालक. सर्वोच्च न्यायालयापुढील एका प्रकरणात २००७ साली विकलेली मोटार हातोहात पुढे गेली आणि २००९ साली तिला अपघात झाला. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. भरपाईचे दायित्व त्याचेच, असा निर्णय फेब्रुवारी २०१८ मध्ये झाला. दोन वर्षांपूर्वी दारातून गेलेल्या गाडीचा हा भार!

यास्तव विक्रेत्याने 'नमुना २९' दोन प्रतींत भरून चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळवावे. हस्तांतरणाची नोंद झाल्यावर शेरा मारून परत मिळणारी प्रत जपून ठेवावी. खरेदीदाराने 'नमुना ३०' तीस दिवसांत द्यावा. बँकेचा बोजा असल्यास तो आधी उतरवावा. फोंड्याची गाडी बेळगावास जाणार असेल, तर ना-हरकत प्रमाणपत्र लागते. तेथील कराचा विषय भाव ठरवतानाच बोलून घ्यावा.

हौसेने बसविलेल्या वस्तूंचा प्रश्न निराळा. सीटची आवरणे वा संगीतयंत्र यांस हरकत नसते, मात्र त्यांवर केलेला खर्च विक्रीत क्वचितच परत मिळतो. पुढील लोखंडी गार्ड पादचाऱ्यांस व आत बसणाऱ्यांसही धोक्याचा असल्याने तो काढविण्याची सूचना केंद्रीय मंत्रालयाने २०१७ मध्ये राज्यांना दिली होती. काचांतून पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. रंग बदलला असेल किंवा सीएनजी संच बसविला असेल, तर त्याची नोंद हवी. बेकायदा फेरफारास प्रत्येकी पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. असा गार्ड 'गाडीची शोभा' म्हणून खरेदीदाराच्या गळ्यात मारण्यापेक्षा आधीच उतरविलेला बरा.

विमा चौदा दिवसांत आपल्या नावे करून घेण्यासाठी खरेदीदाराने कंपनीकडे अर्ज करावा. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत मात्र गाडीबरोबर जात नाही. ती विक्रेत्याची असते आणि नव्या गाडीच्या विम्यास त्याला लावून घेता येते.