शाळेंत असतांनाच महाविद्यालयाचे श्रेयांक

गेल्या जून महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी सकाळींच घरीं आला. आमच्या चिंचणीस दागिन्यांचे साचे कोरण्याचा धंदा पुष्कळ घरांतून चालतो. ह्या साच्यांस आमच्याकडे डाय म्हणतात. हा गृहस्थहि त्याच धंद्यांतला. ओसरीवर बसल्यावर त्यानें पिशवींतून एक कागद काढून माझ्या हातांत दिला. त्याच्या मुलीनें अकरावींत असतांना, घरबसल्या, मोबाइलवर व्याख्यानें ऐकून पायथन नांवाच्या संगणकी भाषेचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा केला होता. परीक्षा तेवढी केंद्रावर जाऊन दिली होती. तिचें तें प्रमाणपत्र होतें. मुलगी आतां बारावी होऊन पदवीच्या पहिल्या वर्षांत गेली होती.

"गुरुजी," तो म्हणाला, "ह्याच्यावर तीन-चार क्रेडिटं लिहिलीत. कॉलेजांत दाखवलं तर म्हणतात, आम्ही धरत नाही. मग लिहिलीत कशाला?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तर मला देतां आलें नाहीं. मी स्वतः मॅट्रिकपुढें गेलों नाहीं. महाविद्यालयाच्या पायऱ्या चढलों त्या दुसऱ्यांच्या मुलांना प्रवेश मिळवून देण्यापुरत्या. पुढले दोन महिने मिळतील ते नियम वाचले, जाणत्यांस विचारलें. त्यांतून जें हातीं लागलें तें श्रोत्यांपुढें ठेवतों. कारण हा प्रश्न आज एकट्या चिंचणीच्या घराचा राहिलेला नाहीं.

प्रथम श्रेयांक म्हणजे काय तें पाहूं. क्रेडिट ह्या शब्दास आपल्या विद्यापीठांनीं दिलेला हा प्रतिशब्द. गुण सांगतात कीं किती चांगलें आलें. श्रेयांक सांगतो कीं किती शिकलें. वाण्याच्या दुकानांत तांदूळ कसा आहे हें निराळें आणि शेर किती हें निराळें, तसाच हा प्रकार. २०२३ सालीं केंद्र सरकारनें जो राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें ३० तासांचें अध्ययन म्हणजे १ श्रेयांक आणि १२०० तासांचें वर्ष म्हणजे ४० श्रेयांक. ह्या तासांत वर्ग, प्रयोग, गृहपाठ, परीक्षेची तयारी, सर्व कांहीं आलें. महाराष्ट्रांत तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ श्रेयांक लागतात.

परंतु एका बाबतींत श्रेयांक शेरासारखा नाहीं. शेरभर तांदूळ कोणाच्याहि घरीं नेला तरी शेरभरच भरतो. श्रेयांक हा घेणाऱ्यानें मानला तरच श्रेयांक. ती एका संस्थेनें दुसऱ्या संस्थेवर लिहिलेली हुंडी आहे. पहिल्या पेढीनें लिहिली आणि दुसऱ्या पेढीनें सकारली नाहीं, तर कागद कितीहि सुबक असो, त्याचे पैसे होत नाहींत. मुलीचें प्रमाणपत्र मीं भिंग लावून पुन्हां वाचलें. तेथें तीन किंवा चार श्रेयांकांची "शिफारस" आहे, असे शब्द होते. इंग्रजींत होते आणि बारीक टाइपांत होते. बापानें आंकडा वाचला, शिफारस हा शब्द वाचला नाहीं. त्याला दोष देण्याचें मला कांहीं कारण दिसत नाहीं.

शाळेंतल्या मुलानें विद्यापीठाची परीक्षा द्यावी ही कल्पना तशी जुनीच आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्यानें पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तींत उत्तीर्ण झालेल्यांपैकीं होत. ती परीक्षा विद्यापीठाची होती. शाळेनें शिकवावें, विद्यापीठानें तपासावें आणि पसंत पडल्यास आपलें दार उघडावें, अशी ती रीत. पुढें ती परीक्षा विद्यापीठाकडून निघून शालान्त मंडळाकडे गेली. मग १९७५ च्या सुमारास दहा अधिक दोन अधिक तीन हा क्रम आला, आणि अकरावी-बारावीचे वर्ग पुष्कळ ठिकाणीं महाविद्यालयाच्याच आवारांत भरूं लागले. त्यांस नांव मिळालें कनिष्ठ महाविद्यालय. तेव्हांपासून आपल्याकडे एक गंमत चालू आहे. मुलगा अकरावींत गेला कीं आजी शेजारणीला सांगते, "आमचा कॉलेजांत जातो." पण विद्यापीठाच्या वहींत त्याचें नांव नसतें; तो राज्य मंडळाचा विद्यार्थी असतो. बारावीचा मुलगा आणि प्रथम वर्षाचा मुलगा एकाच फाटकांतून आंत शिरतात, एकाच चहावाल्याकडे उभे राहतात. श्रेयांकाच्या दृष्टीनें मात्र दोघांच्या मध्यें एक उंबरठा आहे, आणि तो डोळ्यांस दिसत नाहीं.

हा उंबरठा अमेरिकेंत बराच झिजलेला आहे. आपल्यापैकीं अनेकांचीं नातवंडें तिकडे आहेत. त्यांच्या पत्रांतून वा फोनवरून हें कानीं येतें. तेथें दोन वाटा आहेत. कॉलेज बोर्ड नांवाची संस्था १९५५ पासून "अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट" नांवाच्या परीक्षा चालवते. मुलें शाळेंतच महाविद्यालयीन पातळीचा विषय शिकतात, मे महिन्यांत परीक्षा देतात, आणि १ ते ५ पैकीं चांगला अंक पडल्यास पुष्कळ विद्यापीठें श्रेयांक देतात. दुसरी वाट दुहेरी नोंदणीची. १९८५ सालीं मिनेसोटा राज्यानें कायदा करून शाळेंतल्या मुलांना महाविद्यालयाचे विषय घेण्याची मुभा दिली आणि खर्च राज्यावर घेतला. मग इतर राज्यांनीं तो कित्ता गिरवला. आतां ह्यांतले बरेच विषय ऑनलाइन शिकतां येतात. अ‍ॅरिझोना राज्याच्या विद्यापीठानें तर अशी सोय केली कीं आधीं थोडें शुल्क भरून शिकावें, आणि निकाल मनाजोगा लागला तरच उरलेलें शुल्क भरून श्रेयांक नांवावर करून घ्यावे. पण हुंडी सकारण्याचा प्रश्न तेथेंहि सुटलेला नाहीं. त्या-त्या राज्याचीं सरकारी विद्यापीठें बहुधा सकारतात. कांहीं नामांकित खाजगी विद्यापीठें मुलाला वरच्या वर्गांत बसवतात, पण श्रेयांक धरीत नाहींत.

आतां आपल्या देशाकडे वळूं. तंत्रविद्येच्या आयआयटी संस्था आणि बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था ह्यांनीं २००३ सालीं एनपीटेल हा उपक्रम सुरू केला, आणि ९ जुलै २०१७ रोजीं केंद्र सरकारच्या "स्वयम्" ह्या व्यासपीठाचें उद्घाटन झालें. एनपीटेलचे अभ्यासक्रम आतां स्वयम् वरहि मिळतात. शिकण्यास पैसा पडत नाहीं. वयाची अट नाहीं, वर्गाची नाहीं. चिंचणीचा मुलगा रात्रीं दहा वाजतां समुद्राचा आवाज ऐकत मद्रासच्या प्राध्यापकाचें व्याख्यान ऐकूं शकतो. बहुतेक व्याख्यानें इंग्रजींत. कांहींचीं भाषांतरें मराठींतहि झालीं आहेत. दर आठवड्यास प्रश्न सोडवावयाचे असतात. प्रमाणपत्र हवें असेल तर १००० रुपये भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. त्यांत आठवड्यांच्या प्रश्नांस २५ आणि परीक्षेस ७५ गुण.

२०२१ च्या नियमांप्रमाणें विद्यापीठांस एका सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून धरतां येतात. वाचल्यावर वाटेल कीं मग अडलें कोठें? अडलें तें असें. हा नियम महाविद्यालयांत नांव असलेल्या विद्यार्थ्यासाठीं आहे, आणि कोणते अभ्यासक्रम चालतील हें त्याच्या संस्थेनें आधीं ठरवावयाचें आहे. आमच्या मुलीनें अभ्यास केला तेव्हां ती अकरावींत होती. हुंडी लिहिली गेली, पण सकारणारी पेढी त्या दिवशीं अस्तित्वांतच नव्हती.

"पण आतां क्रेडिटची बँक निघाली आहे ना?" असें कोणी विचारील. होय, निघाली आहे. २०२१ सालीं विद्यापीठ अनुदान मंडळानें ती काढली. तिच्यांत श्रेयांक सर्वसाधारणपणें ७ वर्षेंपर्यंत जमा राहतात. परंतु ह्या बँकेंत विद्यार्थ्यास स्वतःच्या हातानें कांहीं भरतां येत नाहीं, भरणारी संस्थाच. शाळेंतून "अपार" नांवाच्या १२ आंकडी क्रमांकाचे अर्ज येतात, त्यामुळें पालकांचा समज होतो कीं क्रमांक मिळाला म्हणजे खात्यांत शिल्लक पडूं लागली. खातें उघडणें आणि पैसे असणें ह्यांतला भेद आपण बचत-खात्याच्या बाबतींत बरोबर ओळखतों.

शिवाय २०२३ च्या आराखड्यांत पायऱ्या आहेत. दहावीची पायरी ३, बारावीची ४, पदवीच्या पहिल्या वर्षाची ४.५, दुसऱ्याची ५. म्हणजे शालेय वर्षांसहि श्रेयांक आहेत खरे, पण ते खालच्या पायरीचे. बारावीचे श्रेयांक पदवीच्या १२० मधून वजा होत नाहींत. दोन्ही नाणीं एका तिजोरींत पडलीं म्हणून आण्याचा रुपया होत नाहीं.

मग शाळेंतल्या मुलास आज खरोखर उघडें असलेलें दार कोणतें? मला एक सांपडलें, आणि तें आयआयटी मद्रासचें. २०२० सालीं त्या संस्थेनें विदाशास्त्राचा, म्हणजे डेटा सायन्सचा, ऑनलाइन पदवीक्रम काढला. अकरावी पुरी करून बारावींत असलेला विद्यार्थी त्याच्या पात्रता-फेरीस बसूं शकतो. चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी आणि संगणकी विचारपद्धति शिकावयाची, दर आठवड्यास प्रश्न सोडवावयाचे, मग केंद्रावर परीक्षा. दहावीस गणित व इंग्रजी असलें म्हणजे झालें; बारावी कला शाखेची असो कीं वाणिज्याची, आडकाठी नाहीं. आमच्या गांवचें पी. एल. श्रॉफ महाविद्यालय कला-वाणिज्याचें. तेव्हां ही गोष्ट आमच्या मुलांच्या विशेष कामाची. बारावी होतांच प्रवेश मिळतो आणि श्रेयांक तेथून सुरू होतात: पायाभूत पातळीचे आठ विषय, ३२ श्रेयांक, पुरी पदवी १४२ ची. पात्रता-फेरीचे श्रेयांक मिळत नाहींत, हें नीट ध्यानांत घ्यावें. पण येथें हुंडी लिहिणारी आणि सकारणारी पेढी एकच आहे, म्हणून ती बुडत नाहीं. घरच्या उत्पन्नाप्रमाणें शुल्कांत मोठी सवलत आहे. आणि २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळीं करण्यास परवानगी असल्यामुळें गांवचें महाविद्यालयहि सोडावें लागत नाहीं.

एक इशारा देतों. "दहावींतच पदवीचे क्रेडिट मिळवा" अशा जाहिराती हल्लीं मोबाइलवर येतात. त्यांना एवढेंच विचारावें: हे श्रेयांक कोणतें विद्यापीठ, कोणत्या विषयाच्या जागीं धरील, तें लेखी द्या. आणि वेळेचाहि हिशेब करावा. तीन श्रेयांक म्हणजे ९० तास, म्हणजे बारा आठवडे दर आठवड्यास साडेसात तास. जानेवारी ते एप्रिल ह्या सत्रांत बारावीच्या मुलानें हें घेऊं नये. फेब्रुवारींत त्याची मंडळाची परीक्षा असते.

माझें स्वतःचें मत विचाराल तर, महाविद्यालयांनीं अशा मुलांची एक छोटी परीक्षा आपल्याकडे घ्यावी आणि खरोखर येत असेल तर विषय सोडून द्यावा. ज्या मुलीनें बारा आठवडे एकटीनें बसून एक विद्या संपादन केली, तिला तीच पुन्हां पहिल्या धड्यापासून शिकावयास लावणें ह्यांत कोणाचा लाभ आहे?

हें सारें मीं त्या गृहस्थास सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकलें आणि विचारलें, "मग धाकट्याला काय सांगूं? तो यंदा अकरावीला आहे. ताईचं बघून त्यालाहि करायचंय."

धाकट्यास मीं दोन महाविद्यालयांस पत्र लिहावयास लावलें. मसुदा त्याचा, शुद्धलेखन तेवढें माझें. एका ठिकाणाहून उत्तर आलें कीं प्रवेश घेतल्यानंतर केलेलेच अभ्यासक्रम धरले जातील. दुसऱ्याचें अद्याप आलेलें नाहीं. दरम्यान तो बहिणीच्या वह्या घेऊन रोज रात्रीं व्याख्यानें ऐकतो. ऐकण्यास पैसे पडत नाहींत. परीक्षेचे हजार रुपये मात्र बापानें अजून भरलेले नाहींत.