भिंगाविना डोळा आणि खुंटीचा शोध

बाहुलीआडचा मोतीबिंदू सळईनं बाजूला सारायची युक्ती सुश्रुतसंहितेइतकी जुनी. पण मोतीबिंदूबरोबर डोळ्याचं भिंगच गेल्यावर पाहायचं कसं, याचं उत्तर १९४९पर्यंत एकच होतं: जाड चष्मा. आपल्याकडे तर ते त्यानंतरही कित्येक वर्षं चाललं. शिबिरात ‘पिकलेला’ मोतीबिंदू पिशवीसकट काढायचे आणि आजोबांच्या नाकावर साधारण दहा नंबरचा चष्मा चढायचा. त्यातून वस्तू पावपट मोठी दिसते. कप जवळ वाटतो, हात अलीकडेच थांबतो. दाराची चौकट वाकते. कडेनं येणारा माणूस एकदम समोर उगवतो. त्यात भिंग एकाच डोळ्याचं गेलं असेल, तर चष्मा जवळपास निरुपयोगी. दोन डोळ्यांतली लहानमोठी चित्रं मेंदूला जुळवताच येत नाहीत.

लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलातले हॅरॉल्ड रिडली यांनी दुसऱ्या महायुद्धातले जखमी वैमानिक तपासले होते. विमानाच्या छताच्या अ‍ॅक्रिलिकचे कण डोळ्यांत राहूनही डोळे फारसे चिडले नव्हते. मग त्याच प्लास्टिकचं भिंग का नको? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी गाजावाजा न करता पहिलं भिंग बसवलं. बड्या मंडळींनी नाकं मुरडली. टीका अगदीच अनाठायी नव्हती म्हणा. ते भिंग जड होतं, काही डोळ्यांत निसटून तळाशी गेलं. रिडलींना ‘सर’ व्हायला मात्र २००० साल उजाडलं, तेव्हा ते त्र्याण्णव वर्षांचे होते.

माझ्या मते या शस्त्रक्रियेचा खरा इतिहास भिंगाचा नाहीच, ते टांगायच्या खुंटीचा आहे. नैसर्गिक भिंगाची पातळ पिशवी शाबूत असेल तर काम सोपं. नवं भिंग तिच्यातच बसतं. मार लागून, जन्मजात दोषानं किंवा जुन्या ऑपरेशनात ती गेली असेल, तर खरी कसोटी. बुबुळाच्या पुढे भिंग ठेवून पाहिलं, पण त्यानं कॉर्नियाच्या पेशींना इजा व्हायची. नेदरलँड्सच्या यान वोर्स्ट यांनी बुबुळालाच चिमटा घेऊन धरणारं भिंग आणलं; आता ते पुष्कळदा बुबुळाच्या मागच्या बाजूनं बसवतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला टाक्यानं बांधावं, तर धागा काही वर्षांनी झिजून तुटू शकतो. २००७मध्ये चेन्नईच्या अमर अगरवाल यांनी टाकाच वगळला: भिंगाचे दोन्ही पाय पांढऱ्या भागाच्या थरात खोचायचे आणि फायब्रिनच्या गोंदानं चिकटवायचे. जपानच्या यामाने यांनी गोंदही काढून टाकला. पायांची टोकं तापवली की त्यांना बोंड येतं, तेच अडकून बसतं.

तंत्र कितीही चांगलं असो, परदेशी भिंगाची किंमत गरिबाच्या आवाक्यात नव्हती. मदुराईच्या अरविंद नेत्रालयानं १९९२मध्ये ऑरोलॅब काढून ती भिंगं इथंच स्वस्तात बनवायला घेतली. शिबिरातल्या माणसासाठी मला हे पाऊल कुठल्याही नव्या टाक्याहून मोठं वाटतं.

मोतीबिंदू काढलेल्या तान्ह्या बाळांचं गणित वेगळं आहे. अमेरिकेत ११४ बाळांवर झालेल्या अभ्यासात साडेचार वर्षांच्या वयात दृष्टी साधारण सारखीच आढळली, भिंग बसवलेलं असो वा कॉन्टॅक्ट लेन्स; पण भिंगवाल्यांना पुन्हा ऑपरेशनं जास्त लागली. म्हणून अगदी लहान वयात सहसा थांबतात.

तुमच्या घरात अजून कुणी तो जाड चष्मा लावत असेल, तर एकदा नेत्रतज्ज्ञाकडे न्या. डोळ्यामागचा पडदा, डोळ्याचा दाब आणि कॉर्नियाच्या पेशी तपासून घ्या. हे सगळं ठीक असेल, तर केवळ वय झालं म्हणून भिंग नाकारू नका.