बारा मिलिमीटरवरचं हिमायतनगर

हॉलमधला सोफा गॅलरीत गेलाय, टीपॉय पलंगावर चढलाय. डायनिंग टेबल आणि दोन घडीची टेबलं ओळीनं लावून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जागा केलीय, आणि तिच्यावर प्लायवुडचे चार बोर्ड एकमेकांना भिडवायचं काम चाललंय. हैदराबादच्या हिमायतनगरातला हा तिसरा मजला. खाली लिबर्टी चौकाकडे जाणारी रविवारची रहदारी. वर दोघं जण गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, रुळाला रूळ लागतोय का ते बघतायत.

"काका, तुमची बाजू एक सूत खाली आहे."

"सूत-बित नको, मिलिमीटरमध्ये बोल."

"पेपरची घडी घाला हो पायाखाली, मिलिमीटर काय घेऊन बसलात!"

घडी घातली जाते. जोडपट्टी सरकते, चौथा बोर्ड तिसऱ्याला लागतो. काका कंबरेवर हात ठेवून उठतात. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ आज सकाळपासून जेवलेला नाही, असं काकू स्वयंपाकघरातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतायत.

प्रत्येक बोर्ड चार फूट लांब, दीड फूट रुंद. नियम एकच: कडेला येणारा रूळ ठरलेल्या उंचीवर आणि बरोबर मधोमध हवा. बाकी आत ज्यानं त्यानं आपलं गाव वसवावं. म्हणजे कोणाच्याही घरी जमा, बोर्ड जोडा, गाडी एकाच्या गावातून दुसऱ्याच्या गावात जाते. सगळं 1:87 या प्रमाणात आहे. खऱ्यातला एक किलोमीटर इथं साडेअकरा मीटर होतो. चार बोर्ड मिळून सोळा फूट, म्हणजे खऱ्यातले जेमतेम सव्वाचारशे मीटर, आणि तेवढ्यात काचीगुड्याहून निघून भोकरच्या पुढचं रान ओलांडायचं आहे. त्यामुळे फलाट आखूड होतात, गावं उड्या मारत जवळ येतात. याबद्दल कोणी कोणाला बोलत नाही. बोलणी बसतात ती दुसऱ्याच गोष्टींवरून.

पहिला बोर्ड काचीगुडा स्टेशनचा. तो आणलाय एका तेलुगू डॉक्टरबाईंनी. 1916 सालची ती निजामकालीन इमारत सनबोर्डातून कापलीय, सर्जिकल ब्लेडनं. मधला घुमट पिंगपाँगच्या चेंडूचा आहे, पण वर दिलेला रंग असा बेमालूम की सांगितल्याशिवाय कळू नये. "खिडक्या मोजा," बाई हिंदीत सांगतात, "एक जरी कमी निघाली तर चहा माझ्याकडून." कोणी मोजत नाही. बाईंचा सगळ्यांना थोडा धाक आहे.

दुसऱ्यावर कापसाचं रान आणि नाल्यावरची मोरी. तिसऱ्यावर सागवानातून जाणारा रूळ. हा बोर्ड इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलीचा. चौथा काकांचा, आणि त्यावरच्या पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलंय: हिमायतनगर.

शेजारून डोकवायला आलेले गृहस्थ हसतात. "आपल्या इथं कुठं आलं स्टेशन?"

काका याच प्रश्नाची वाट बघत असतात. हैदराबादचा हा भाग निजामाच्या थोरल्या मुलाच्या, हिमायत अली खान ऊर्फ आझम जाहच्या नावावरून ओळखला जातो. पण नांदेड जिल्ह्यातही एक हिमायतनगर आहे, तालुक्याचं गाव. जुनं नाव वाढोणा. तिथलं परमेश्वराचं मंदिर प्रसिद्ध आहे. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रुळावर भोकर सोडलं की ते येतं, पुढं सहस्रकुंड, मग किनवट. काकांचं लहानपण तिथलं. आज कृष्णा एक्स्प्रेस पकडली तर ती आदिलाबादला जाताना त्याच स्टेशनावरून जाते, पण ती ब्रॉडगेज. काकांना हवी आहे ती गेज बदलण्याआधीची मीटरगेज, आणि ती आता या टेबलाशिवाय कुठं नाही.

इथं थोडा हिशेब सांगायला हवा, कारण या खोलीतली निम्मी चेष्टामस्करी त्याच्यावर चालते. बाजारात 1:87 साठी मिळणारा नेहमीचा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा. तो युरोप-अमेरिकेच्या गेजला बरोबर बसतो. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची, तिला सव्वाएकोणीस लागतात. म्हणजे भारतीय गाडी विकतच्या रुळावर चालवली की पावणेतीन मिलिमीटरची चूक पोटात घालावी लागते. मीटरगेजला साडेअकरा हवेत आणि विकत मिळतो बारा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. कोपऱ्यात एक आयटीतला तरुण आपलं ब्रॉडगेजचं डब्ल्यूडीएम-2 इंजिन वेगळ्या गोल रुळावर फिरवतोय. त्याला येता-जाता कोणीतरी विचारतं, "काय रे, पायजमा आखूड झाला का?"

मीटरगेजचं दुखणं वेगळं. पूर्णा, परभणी, मनमाड या भागात धावलेल्या गाड्यांची मॉडेलं बाजारात सहज मिळत नाहीत. मग करायचं काय? स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या ऱ्हेटियन रेल्वेची गेज योगायोगानं नेमकी एक मीटर आहे, आणि तिची मॉडेलं जर्मनीची बेमो कंपनी बनवते. इंजिनिअरिंगवाल्या मुलीनं त्यातलं एक जुनं इंजिन कोणाकडून तरी मिळवलं, वरचं लाल कवच काढून टाकलं आणि थ्री-डी प्रिंटरवर छापलेलं वायडीएम-4 त्यावर बसवलं. डबेही तिनंच छापलेले, एकेक सव्वाबावीस सेंटिमीटरचा. खाली स्विस चाकं, वर आपलं मीटरगेजचं इंजिन. मला विचाराल तर विकत आणलेली बर्फाळ गावं, घंटाघरं आणि पाइनची झाडं मांडून बसण्यापेक्षा हे शंभर पटीनं मोलाचं आहे. आल्प्सचं मॉडेल करायला जगात हजारो माणसं आहेत. भोकरच्या पुढच्या रानाचं कोण करणार?

"माझी गाळणी कुठं आहे?" काकू दारात.

गाळणी बोर्डाखालून निघते. काळी माती चाळायला घेतलेली असते. काकांच्या स्टेशनाभोवतीची माती खरीच नांदेडकडची आहे, उन्हात वाळवून, कुटून, चहाच्या गाळणीतून काढलेली. रुळाखालची खडी म्हणजे क्रशरवरची कच. ती ब्रशनं स्लीपरच्या मधे बसवायची, फवाऱ्यानं ओली करायची आणि पाण्यात कालवलेलं फेविकॉल ड्रॉपरनं सोडायचं. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की गोंद वर गोळा न होता आत झिरपतो. सागाची झाडं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची. कुंपण खराट्याच्या हिरांचं. काकू गाळणी नळाखाली धरतात, मग विचार बदलून परत आणून देतात. "राहू द्या आता. नवीन आणा मला."

एवढ्यात गार्डसाहेब येतात.

नव्वदीकडे झुकलेले, पांढरा झब्बा, हातात काठी. उभी नोकरी पूर्णा आणि आसपासच्या मीटरगेजवर गेली. मुलाकडे हैदराबादेत राहतात आणि या मंडळींनी बोलावलं की येतात. त्यांना खुर्ची दिली जाते, ती ते गाडीच्या शेपटाकडे ओढून घेतात. इंजिनाकडे बघतसुद्धा नाहीत.

काका कंट्रोलरची खुंटी फिरवतात. गाडी काचीगुडा सोडते, कापसातून निघते.

"अहो, ही पॅसेंजर आहे की राजधानी?" गार्डसाहेब.

मुलगी फोनवर गणित करते. खऱ्या ताशी 50 किलोमीटरला इथं सेकंदाला 16 सेंटिमीटर. म्हणजे एक बोर्ड ओलांडायला साडेसात सेकंद हवेत, गाडी तीनच घेतेय. खुंटी मागं येते. गाडी हळू झाल्याबरोबर खरी दिसायला लागते, हे मात्र मी डोळ्यांनी बघतोय. सागवानातून ती रमतगमत निघते आणि हिमायतनगरच्या फलाटाला लागते. फलाटावर दोन सेंटिमीटरचे स्टेशनमास्तर उभे आहेत, हातात तांब्याच्या तारेचं सात मिलिमीटरचं कडं. एकेरी मार्गावर टोकन द्यायची ती रिंग. गार्डसाहेब चष्मा कपाळावर सरकवून ते कडं बघतात आणि मान डोलावतात.

"सोडू का पुढं?" काका विचारतात.

"कशी सोडाल? एलव्ही कुठंय?"

शांतता. शेवटच्या डब्यामागं एलव्हीची पाटी नाही. गार्डसाहेब समजावून सांगतात, चिडून नाही, पण सोडूनही देत नाहीत. शेवटचा डबा आला याची ती खूण. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मधेच कपलिंग तुटून निम्मी गाडी मागं राहिली नाही. ती बघितल्याशिवाय स्टेशनमास्तर मागच्या स्टेशनला 'गाडी पोचली' असं कळवत नाही. आणि ते कळवलं नाही तर मागून दुसरी गाडी सुटत नाही. "सगळा सेक्शन बंद पाडलात तुम्ही."

मुलगी काहीही न बोलता खाली बसते. पिवळ्या कार्डपेपरचा तुकडा, स्टीलची पट्टी, ब्लेड. साडेतीन मिलिमीटरचा चौकोन कापला जातो. डॉक्टरबाई टेबलदिवा वाकवून धरतात, काका भिंग. सर्वांत बारीक टोकाच्या पेननं दोन अक्षरं. पहिला चौकोन शाई पसरून जातो, दुसरा चिमट्यातून उडतो आणि सतरंजीत हरवतो. तिसरा जमतो. गोंदाचा कण सुईच्या टोकावर घेऊन ती पाटी डब्याच्या पाठीला लावते.

गार्डसाहेब वाकून बघतात. मग खिशातून पांढरा नाही, हिरवा रुमाल काढतात. घरून आणलेला असणार. गाडी सुटते.

चहाबरोबर गप्पा निघतात. आपल्याकडची सर्वांत नामांकित छोटी गाडी शिंद्यांची, ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातली: जेवणाच्या टेबलावर रूळ, त्यावर चांदीची गाडी, डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची एकेक अक्षरं. इंग्लंडच्या बॅसेट-लोक कंपनीनं ती 1906 साली करून दिली. पाहुण्यानं बाटली उचलली की गाडी थांबायची. "आमच्याकडे गाळणी उचलली की थांबते," काकू म्हणतात. मग पुण्याच्या कोथरूडमधल्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयाचा विषय. भाऊसाहेब जोशींनी हौसेतून उभं केलेलं ते संग्रहालय 1998 पासून लोकांना खुलं आहे. या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिली लागण तिथंच झालीय.

चहा संपतो आणि मी काकांच्या बोर्डाला वळसा घालून मागं जातो. समोरून स्टेशन पूर्ण आहे: तिकीट खिडकी, बाक, पाण्याचा नळ. मागची भिंत मात्र कोरी. रंग नाही, दार नाही, खिडकीही नाही. मी विचारतो.

"फोटोच नाही," काका म्हणतात. "जो तो बायकापोरांना पाटीखाली उभं करायचा. मागं जाऊन कोण फोटो काढतंय? मला दोन दारं आठवतात, माझी बहीण एकच म्हणते." गार्डसाहेबांनाही सांगता येत नाही. ते तिथं नेहमी फलाटाच्या बाजूलाच उतरले.

अंदाजानं दार काढायला काका तयार नाहीत. तेव्हा वाचकहो, मुदखेड-आदिलाबाद मार्गावर तुमच्या घरातलं कोणी नोकरीला असेल, तर मीटरगेजच्या काळातले जुने अल्बम एकदा उघडून बघा. माणसांच्या मागं काय दिसतंय ते बघा. स्टेशनचं मागचं अंग, मालधक्का, क्वार्टर, काहीही असलं तरी फोटोच्या पाठीवर गाव आणि साल लिहून ठेवा, आणि रद्दीत जाऊ देऊ नका.