अनुभवी गोलकीपर की तरुण? गैरसमज आणि वस्तुस्थिती

शालेय आणि क्लब स्पर्धांचे दिवस आले, की नेरूळपासून खारघरपर्यंतच्या मैदानांवर एक वाद हमखास झडतो. गोलमध्ये उभं कोणाला करायचं? वर्षानुवर्षं ती जागा सांभाळणाऱ्या जुन्या भिडूला, की यंदा सरावात चमकलेल्या पोराला? स्ट्रायकरचा दिवस वाईट गेला तर शेवटच्या वीस मिनिटांत दुसरा उतरवता येतो. गोलकीपरची जागा मात्र एकच. एकाला घेतलं की दुसरा सबंध सामना बाहेर. त्यामुळे ही निवड सर्वांत अवघड, आणि तिच्याभोवती पक्क्या बसलेल्या समजुतीही सर्वांत जास्त.

नवी मुंबईला हा विषय परका नाही. इंडियन सुपर लीगची (आयएसएल) पहिली फायनल २०१४ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. २०१७ च्या १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाची एक सेमीफायनल आणि २०२२ मधल्या महिलांच्या आशियाई चषकाची फायनलही तिथेच झाली. घणसोलीत रिलायन्स फाउंडेशनची निवासी फुटबॉल अकादमी आहे. उत्तरं शोधायला युरोपपर्यंत जाण्याआधी आपल्या आणि शेजारच्या गोव्याच्या मैदानांवर काय घडलं, तेच पाहू.

गैरसमज १ : तिशी ओलांडली की गोलकीपर उतरणीला लागतो

वस्तुस्थिती : विंगर किंवा स्ट्रायकरच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे, कारण त्यांचं पोट वेगावर. गोलकीपरचं काम मुख्यतः जागा धरण्याचं, खेळ वाचण्याचं आणि बचावफळीला हाक देण्याचं. हे गुण वयाबरोबर पिकतात.

२० डिसेंबर २०१४ च्या त्या नेरूळच्या फायनलमध्ये केरला ब्लास्टर्सच्या गोलमध्ये ४४ वर्षांचा डेव्हिड जेम्स होता. संघाचा मॅनेजरही तोच. ॲटलेटिको दि कोलकाताविरुद्धचा सामना ९० मिनिटं गोलशून्य राहिला. भरपाई वेळेत कॉर्नरवर महंमद रफीकने हेडर मारला आणि कोलकाता जिंकलं. हरला तरी ४४ व्या वर्षी फायनल अखेरच्या क्षणापर्यंत तोलून धरणारा गोलकीपर नवी मुंबईने पाहिला आहे. त्याच मैदानावर २० जानेवारी २०२२ रोजी महिलांच्या आशियाई चषकात भारताला इराणने गोलशून्य बरोबरीत रोखलं. तेव्हा इराणच्या गोलमध्ये ३२ वर्षांची जोहरे कुदाई होती. गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर तिशीत असताना, १९८४ मध्ये गोव्याने संतोष ट्रॉफी एकही गोल न खाता जिंकली. इटलीचा डिनो झॉफ १९८२ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकला. इजिप्तच्या एसाम एल-हदारीने २०१८ च्या विश्वचषकात ४५ व्या वर्षी पेनल्टी अडवली.

वय काही हिरावून घेत नाही, असं मात्र नाही. उडीची उंची कमी होते, खाली पडून उठायला वेळ लागतो, दोन सामन्यांमध्ये अंग लवकर सावरत नाही. प्रशिक्षकाने तपासायच्या त्या या गोष्टी. जन्मतारीख पाहून त्या कळत नाहीत.

गैरसमज २ : अनुभवी म्हणजे सुरक्षित, तरुण म्हणजे जुगार

वस्तुस्थिती : २०२१-२२ च्या आयएसएल मोसमात केरला ब्लास्टर्सचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर होता गोव्याचा आल्बिनो गोम्स. डिसेंबर २०२१ मध्ये ओडिशाविरुद्ध त्याला दुखापत झाली आणि नाइलाज म्हणून प्रभसुखन गिलला उतरवावं लागलं. त्याचं वय तेव्हा २० वर्षं. मोसम संपला तेव्हा स्पर्धेतल्या सर्वोत्तम गोलकीपरचा ‘गोल्डन ग्लोव्ह’ गिलच्या हातात होता आणि संघ फायनलमध्ये. ज्याला जुगार म्हटलं असतं, त्यानेच संघ तारला.

एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा हा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. मडगावच्या फातोर्डा मैदानावर कतारच्या अल रय्यानविरुद्धचा पहिलाच सामना ०-० सुटला, पाठोपाठ अल वाहदाविरुद्धचाही. गोलमध्ये होता २० वर्षांचा धीरज सिंग. बाहेरचं उदाहरण हवं असेल, तर जियानलुइजी बुफॉनने १९९५ मध्ये पार्माकडून पहिला लीग सामना खेळला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. समोर मिलान होतं, आणि त्याने गोल खाल्ला नाही.

तरुण गोलकीपर चुका करतो, हे खरं. पण बहुतेक चुका एका जातीच्या असतात : क्रॉसला पुढे यायचं की नाही याचा चुकीचा अंदाज, उशिरा दिलेली हाक, घाईने सोडलेली गोलरेषा. त्या सरावाने आणि सामन्यांनी सुटतात. समोरचे सेंटर-बॅक जाणते असतील, तर तरुण गोलकीपरचं निम्मं ओझं तेच उचलतात. गोलकीपरची निवड बचावफळी पाहून करायची असते, ती यासाठी.

गैरसमज ३ : पेनल्टी शूटआऊटला जुना गडीच हवा, कारण पोरं घाबरतात

वस्तुस्थिती : या समजुतीला बळ देणारा सामना आपल्या शेजारीच झाला. २० मार्च २०२२, फातोर्डा, आयएसएल फायनल. एका गोलमध्ये २१ वर्षांचा गिल. दुसऱ्या गोलमध्ये हैदराबाद एफसीचा ३२ वर्षांचा लक्ष्मीकांत कट्टीमणी, गोव्याचाच. सामना १-१ बरोबरीत सुटला आणि शूटआऊटमध्ये कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या. केरलाच्या निशू कुमारची तर त्याने दोनदा अडवली. पहिल्यांदा तो रेषेच्या पुढे आल्यामुळे पंचांनी किक पुन्हा घ्यायला लावली, कारण किक बसेपर्यंत गोलकीपरचे दोन्ही पाय रेषेच्या पुढे जाऊन चालत नाही. अडवलेली पेनल्टी हातची गेली की भलेभले हलतात. कट्टीमणी पुन्हा रेषेवर उभा राहिला आणि त्याने पुन्हा चेंडू अडवला. हैदराबाद ३-१ ने जिंकलं.

यात वयाचा वाटा किती? पेनल्टीचं अंतर ११ मीटर. ताशी १०० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदात कापतो. डोळ्यांनी पाहून शरीर हलवायला सुरुवात करण्यातच साधारण ०.२ सेकंद जातात. उरलेल्या वेळात ७.३२ मीटर रुंद गोलचा कोपरा गाठणं कोणालाही कठीण. एकवीस आणि बत्तीस वर्षांच्या प्रतिक्रियेतला फरक सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजावा इतका किरकोळ असतो. खरा फरक पडतो तो किक मारणाऱ्याला वाचण्यात. ॲमस्टरडॅमच्या गेर्ट सावेल्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये गोलकीपरांच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तरबेज गोलकीपर नवख्यांपेक्षा जास्त वेळ थांबतात आणि कमी ठिकाणी, पण स्थिर नजरेने पाहतात, असं दिसलं. किक जवळ येते तशी त्यांची नजर पायांवर आणि चेंडूवर स्थिरावते.

हे शिकता येतं, आणि काहीजण लवकर शिकतात. युरो २०२० च्या फायनलमध्ये इटलीच्या जियानलुइजी डोनारुम्माने इंग्लंडच्या दोन पेनल्टी अडवल्या आणि तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचं वय होतं २२. पण सोळाव्या वर्षापासून तो मिलानसाठी खेळत होता. वयाने तरुण, सामन्यांनी जुना.

गैरसमज ४ : तरुणाने दोन-तीन वर्षं बाकावर बसून शिकावं

वस्तुस्थिती : बाकावर बसून शिस्त कळते, गोलकीपिंग येत नाही. विहिरीच्या काठावर बसून पोहणं येत नाही, तसंच हे. मिडफिल्डरला शेवटची दहा-पंधरा मिनिटं मिळू शकतात. दुसऱ्या क्रमांकाच्या गोलकीपरला दुखापत किंवा लाल कार्डाशिवाय एक मिनिटही मिळत नाही.

गिल २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघात होता, पण खेळला धीरज. पुढे इंडियन ॲरोज या तरुणांच्या संघाकडून गिलला आय-लीगचे सामने मिळाले. म्हणून २०२१ मध्ये संधी दारात आली तेव्हा तो अगदीच कोरा नव्हता. गुरप्रीत सिंग संधू २०११ च्या आशियाई चषकाच्या भारतीय संघात १८ व्या वर्षी गेला. तेव्हा गोलमध्ये सुब्रत पाल होता. गुरप्रीत नुसता वाट पाहत बसला नाही. २०१४ मध्ये तो नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडे गेला, तिथे जागेसाठी झगडला आणि परतल्यावर बरीच वर्षं भारताचा पहिला गोलकीपर राहिला.

तेव्हा मुख्य संघात जागा नसेल, तर त्या मुलाला राखीव संघात, कनिष्ठ स्पर्धेत किंवा दुसऱ्या क्लबकडे उसना पाठवून सामने द्या. अनुभव वर्षांत मोजायचा नसतो, खेळलेल्या सामन्यांत मोजायचा असतो.

गैरसमज ५ : ज्याने कमी गोल खाल्ले तो चांगला

वस्तुस्थिती : २०१७ च्या विश्वचषकात भारताने अमेरिकेकडून तीन, कोलंबियाकडून दोन आणि घानाकडून चार असे तीन सामन्यांत नऊ गोल खाल्ले. नुसता हा आकडा पाहिला तर धीरजचं नाव खोडावं लागेल. पण ज्यांनी ते सामने पाहिले, त्यांना तो नसता तर किती गोल झाले असते हे ठाऊक आहे. गोलकीपर मोजायचा तर त्याच्याकडे आलेले फटके मोजावे लागतात. किती आले, कुठून आले, किती वाचवता येण्यासारखे होते. तगड्या बचावफळीमागे दिवसभरात दोन फटके झेलणाऱ्याची आणि पंधरा फटके झेलणाऱ्याची तुलना गोलसंख्येवर होऊच शकत नाही.

शाळेच्या मैदानावर तर ही चूक रोज होते. पूर्ण मापाचा गोल २.४४ मीटर उंच असतो. बारा वर्षांच्या मुलाचा हात बारपर्यंत पोहोचत नाही. डोक्यावरून टाकलेला चेंडू आत गेला म्हणून त्याला नालायक ठरवणं आणि लवकर वाढलेल्या उंच मुलाला गुणवान ठरवणं, दोन्ही अन्यायच. काही वर्षांत उंची बरोबरीला येते. पायांची ठेवण, चेंडू पकडण्याची पद्धत आणि धीर हे तेव्हा उपयोगी पडतात.

गैरसमज ६ : पायाने खेळणं तरुणांनाच जमतं

वस्तुस्थिती : आपल्याच खेळाडूने पायाने दिलेला पास हातात घ्यायची बंदी १९९२ पासून आहे. आज खेळणाऱ्या जवळपास सगळ्यांनी फुटबॉल या नियमाखालीच शिकला. २०१९ पासून गोलकिक पेनल्टी क्षेत्राच्या आतच सहकाऱ्याला देता येते, त्यामुळे गोलकीपरच्या पायांचं काम आणखी वाढलं. ते ज्याने केलं त्याला येतं. सरावात दोघांवर सारखाच दबाव टाकून पाहा, उत्तर मिळेल.

गैरसमज ७ : मोठी चूक झाली की गोलकीपर बदलावा

वस्तुस्थिती : २० डिसेंबर २०१५. तेच फातोर्डा, आयएसएल फायनल. एफसी गोवा चेन्नईयिनविरुद्ध २-१ ने पुढे होतं. ९० व्या मिनिटाला स्वयंगोल झाला आणि तो गोव्याच्या गोलकीपरच्या नावावर लागला. पाठोपाठ आणखी एक गोल झाला, आणि घरच्या प्रेक्षकांसमोर गोवा २-३ ने हरलं. तो गोलकीपर होता लक्ष्मीकांत कट्टीमणी, वय २६. त्या रात्री कोणी त्याच्या नावावर कायमची फुली मारली असती, तर सहा वर्षांनी त्याच मैदानावर तीन पेनल्टी अडवणारा कट्टीमणी दिसला नसता.

एका चुकीवर बदलणं, पुढच्या चुकीवर परत आणणं, यात दोघांचीही जमीन सुटते. बचावफळीलाही कोणाच्या हाकेवर हलायचं ते कळेनासं होतं.

मग निवड कशी करायची?

आधी संघाची गरज पाहा. बचावफळी नवखी असेल, स्पर्धा बाद पद्धतीची आणि छोटी असेल, तर अनुभवी गोलकीपरकडे झुकतं माप द्यावं. बचावफळी भक्कम असेल, लीग लांबलचक असेल आणि पुढच्या दोन-तीन वर्षांचा विचार करायचा असेल, तर तरुणाला घ्यावं. दोघांचीही क्रॉस, समोरासमोरची धाव, पायाने पास आणि हाक देणं यांवर सारखी परीक्षा घ्या आणि निकाल लिहून ठेवा, म्हणजे नंतर मर्जीचा संशय येणार नाही. निर्णय स्पर्धेआधी दोघांना समोर बसवून, कारणासह सांगा. निवडलेल्याला किमान पाच-सहा सामने द्या. न निवडलेल्याला दुसरीकडे सामने मिळतील अशी सोय करा. जुन्याला घेतलं असेल, तर सरावात नव्याला घडवण्याची जबाबदारी त्याच्याकडे द्या.

गिलचा मोसम एका दुखापतीमुळे घडला. आपल्या शहरातल्या मुलांची संधी दुसऱ्याच्या दुखापतीवर अवलंबून राहू नये. नवी मुंबईतल्या प्रत्येक प्रशिक्षकाला आणि पालकाला कळकळीची विनंती : गोलकीपर निवडताना वयाचा दाखला बाजूला ठेवा, त्याने किती सामने खेळले आणि त्यांत काय केलं ते विचारा. एकदा निवडलंत, की त्याच्या पहिल्या चुकीच्या दिवशीही त्याच्या पाठीशी उभे राहा.