जमीन घ्यायची तर मे महिन्यात बघा

पहाटे 5.30

बीड सोडलं तेव्हा रस्त्यावर दूधवाल्यांच्या मोटारसायकली तेवढ्या होत्या. सोलापूरच्या दिशेनं मांजरसुंब्याचा घाट चढला की बालाघाटाचं पठार लागतं. जमिनीचे कागद तपासून देणं ही माझी वकिली. पण कागद उघडण्याआधी मी रान पायांनी बघतो. आजची मंडळी पुण्याची, मूळ इथलीच. आजोबांनी 1972च्या दुष्काळात गाव सोडलं. आता नातवाला अडीच एकर घेऊन घर बांधायचंय. गेल्या श्रावणात ती कपिलधारला आली, धबधबा पाहिला, डोंगर हिरवेगार होते, मन बसलं. इसार द्यायला निघाली होती. मी म्हणालो, “दादा, एकदा मे महिन्यात येऊन बघा.” ती आली, याचं मला फार बरं वाटलं.

सकाळी 6.45

सीताफळाची झाडं खराट्यासारखी उभी. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण उन्हाळ्यात त्याच झाडाखाली सावली मिळत नाही. विहिरीच्या काठावर गेलो. दादांच्या मुलीनं खडा टाकला. ‘डुबुक’ झालं नाही. खडा मुरमावर आपटून वाजला. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत या विहिरीत चौथा हिस्सा लिहिलाय. म्हणजे पावसाळ्यानंतरही चार दिवसांतून एकदाच पाळी.

डांबरी सडकेपासून रानापर्यंत यायला दुसऱ्या दोघांचे धुरे तुडवावे लागतात. शेजारच्या रानातले आजोबा म्हणाले, “वाट आमच्या बापापासून हाय. पर कागदावर न्हाई.” हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. वाट अडली तर 1906च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, नवी वाट महसूल संहितेच्या कलम 143 खाली मागता येते. पण ज्याच्या धुऱ्यावरून रोज जायचं, त्याच्याशी पहिल्याच वर्षी भांडण घेऊन खेड्यात राहता येत नाही. वाटेची नोंद खरेदीआधी, सगळ्यांच्या राजीखुशीनं व्हायला हवी.

सकाळी 11

बीडला परतून कागद मांडले. मराठवाड्यात जमिनीचा इतिहास उर्वरित महाराष्ट्रासारखा नाही. 17 सप्टेंबर 1948पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. म्हणून मी आजचा सातबारा पाहून थांबत नाही. 1954-55च्या खासरा पत्रकापर्यंत मागे जातो. तिथं कोणाचं नाव होतं? 1950च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यातलं संरक्षित कूळ होतं का? जमीन देवस्थानची किंवा खिदमतमाश इनामाची होती का? सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ दिसलं की सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही. पंधरा रुपयांत मोबाईलवर मिळणारा सातबारा ही सुरुवात आहे, खात्री नव्हे.

या जमिनीवर कूळ नाही, इनाम नाही. पण फेरफार वाचताना थांबलो. विकणाऱ्यांचे वडील वारले तेव्हा वारस नोंदीत दोन भावांची नावं लागली. बहिणी दोन, त्यांचं नाव कुठंच नाही.

दुपारी 12.30

धाकट्या बहिणीला फोन लावला. ती गेवराई तालुक्यात दिलेली. “वकीलसाहेब, रान इकायलेत हे मला तुमच्याकडूनच कळतंय. मला कुणी इचारलंच न्हाई.”

हिंदू वारसा कायद्यानं मुलगी 1956पासून वडिलांच्या हिश्शाची वारस आहे. 2005च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मानं मुलाइतका हक्क आला, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या तारखेला वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020मध्ये स्पष्ट केलं. तरी हक्कसोडपत्रावर सही घेऊन साडीचोळीवर बहिणीची बोळवण करण्याची रीत चालूच आहे. मला ती पटत नाही. बहिणींनी खुशीनं सोडावं किंवा पैशातला वाटा घ्यावा. पण त्यांना न विचारता घेतलेल्या रानात मी कुणाला घर बांधू देणार नाही.

दुपारी 3

आज दुसऱ्याच एका पक्षकाराचं खरेदीखत होतं. धारूरकडचं ऊसतोड जोडपं, गेल्याच महिन्यात कारखान्यावरून आलेलं. मुकादमाची उचल फेडून उरलेल्या पैशांत, कितीतरी हंगामांच्या कोयत्यावर, 20 गुंठे जिरायत घेतायत. जिरायतीचा याहून लहान तुकडा सहसा नोंदवता येत नाही. त्याच्या नावावर वडिलांकडून आलेले थोडे गुंठे आहेत, म्हणून तो कायद्यानं शेतकरी. नाहीतर परवानगीशिवाय शेतजमीन घेता आली नसती. दस्तात दोघांची नावं घाला, असं मी सुचवलं होतं. नवरा लगेच म्हणाला, “तिचं आधी घाला. मोळी तिनंबी उचललीय.”

अंगठा घेताना यंत्र तिचा ठसा धरेना. उसाच्या पाचटानं आणि कोयत्याच्या मुठीनं बोटांच्या रेषा झिजलेल्या. पाणी लावून, पुसून, चौथ्या वेळी ठसा उमटला. मग तिनं विचारलं, “माझं नाव कुठंशी हाय?” मी ओळीवर बोट ठेवलं. तिनं तिथं आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

फेरफाराची नोटीस निघेल, हरकतीची मुदत जाईल, मग सातबाऱ्यावर नाव चढेल. तोवर चतुःसीमा मोजून धुऱ्यावर दगड रोवून घ्या, एवढं त्यांना बजावलं.

संध्याकाळी 6

पुण्याचे दादा थोडे नाराज होते. 17 सप्टेंबर 2025ला बीडला रेल्वे आली, आता भाव वाढतील, थांबलो तर हातची जाईल, ही त्यांची काळजी. मी त्यांना फ्रान्सचं सांगितलं. तिथं खेड्यात राहायला घर घेणाऱ्याला करार झाल्यावर 10 दिवसांत माघार घेता येते. कायद्यानंच तेवढी सवड दिलीय. आपल्याकडे इसाराचे पैसे एकदा गेले की परत मिळवताना वर्षं जातात. म्हणून ती सवड आपणच सहीआधी घ्यायची. “आठ दिवस गावात राहा. पाणी कुठून येतं, लाईट कधी जाते, रात्री दवाखान्यात न्यायला कोण येतं, हे बघा. शेजारी कळला तर रान कळलं.”

रात्री 9

दादांचा फोन आला. मुलीला सुट्टी आहे तोवर चुलतभावाकडे आठ दिवस राहणार. उद्या आधी गेवराईला जाऊन त्या बहिणीला भेटणार. “रान घ्यायचं का नाही ते मागनं ठरवू,” म्हणाले.

वही काढली. त्यांच्या पानावर तीन शब्द लिहिलेले: वाट, पाणी, बहिणी. एकाहीपुढं अजून खूण नाही. पण उद्या ते स्वतः विचारायला निघालेत, तेव्हा पान उघडंच ठेवलं.