परसातील शेगडी आणि आजीची चूल

अन्न शिजविण्यासाठी मनुष्याने अग्नीला घरात आणले आणि अग्नीच्या पाठोपाठ धूरही घरात आला. अग्नीला आपण देव मानले, त्याला हविर्भाग दिला. धुराची मात्र कोणी फारशी दखल घेतली नाही. तो निमूटपणे सोसला तो घरातील स्त्रियांनी. गेली सहा वर्षे आमच्या परसात लाकडाच्या भुशाच्या कांड्यांवर चालणारी एक शेगडी आहे. तिच्यावर कोणकोणते पदार्थ होतात आणि ती कशी चालते, हे स्मरणिकेसाठी लिहावे असा मंडळाचा आग्रह झाला. लिहावयास बसले तेव्हा ध्यानात आले की, आजीच्या चुलीविषयी सांगितल्यावाचून या शेगडीची हकीकत पुरी व्हावयाची नाही.

मी जन्माने ओरेगनची. वडील १९७५ साली नोकरीनिमित्त येथे आले. माझे सारे शिक्षण येथेच झाले आणि आज येथल्याच एका शाळेत मी रसायनशास्त्र शिकविते. माझे मराठी घरातले, आईच्या तोंडून ऐकलेले. त्यात काही उणे आढळल्यास वाचकांनी ते उदार मनाने पोटात घालावे.

१९८९ च्या उन्हाळ्यात मी नऊ वर्षांची असताना आई मला चिपळूणजवळच्या आपल्या माहेरी घेऊन गेली. स्वयंपाकघर काळोखे, भिंती काजळीने काळ्याभोर, आणि कोपऱ्यात चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली आजी. निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि चुलीवरची भाकरी मी त्या महिन्यात प्रथम खाल्ली. तो खमंग वास परत आल्यावरही कित्येक दिवस माझ्या कपड्यांना येत होता आणि मी आईला ते कपडे धुऊ देत नव्हते. आजी रात्रभर खोकत असे, तेही मी ऐकत होते. पण त्या वासाचा आणि त्या खोकल्याचा काही संबंध असेल, हे त्या वयात मनात आले नाही. तिच्या घरी गॅस आला तो १९९३ साली. पुढच्याच वर्षी ती गेली. घरच्यांनी दमा म्हटले.

तेव्हा सहा वर्षांपूर्वी आमच्या यजमानांनी ही शेगडी आणली आणि मी हौसेने आईला परसात नेऊन दाखविली, त्या वेळी ती जे बोलली ते मला अद्याप विसरता येत नाही. ती म्हणाली, ''अगं, माझ्या आईचा जन्म धुरात गेला, आणि तू डॉलर मोजून धूर विकत आणलास?''

मजजवळ उत्तर नव्हते. शिक्षकाजवळ उत्तर नसले म्हणजे तो यंत्राची माहिती सांगू लागतो. मीही तेच केले.

ही शेगडी अस्सल ओरेगनची आहे. या राज्यात लाकूड कापण्याच्या गिरण्या पुष्कळ. त्यांतून निघणाऱ्या भुशाचे डोंगर साचत. एके काळी शंकूच्या आकाराच्या प्रचंड लोखंडी भट्ट्यांत तो भुसा नुसता जाळून टाकीत आणि आसपासच्या गावांवर धुराचे छत्र धरलेले असे. १९७० नंतर हवा स्वच्छ राखण्याचे कायदे कडक झाले आणि त्या भट्ट्या क्रमाक्रमाने विझल्या. पुढे १९७३ ची तेलटंचाई आली व स्वस्त इंधनाचा शोध सुरू झाला. भुसा वाळवून, जबरदस्त दाब देऊन बारीक छिद्रांतून काढला म्हणजे त्याच्या कांड्या होतात. त्यांत डिंक घालावा लागत नाही. लाकडात लिग्निन नावाचे जे द्रव्य असते ते उष्णतेने मऊ होते आणि तेच कण एकत्र बांधते. या कांड्यांना पेलेट म्हणतात. त्यांवर चालणाऱ्या, घर उबदार ठेवणाऱ्या शेगड्या प्रथम निघाल्या. मग पोर्टलंडच्या दक्षिणेस माउंट एंजल या लहानशा गावी, घरे तापविण्याच्या उपकरणांच्या धंद्यातील जो ट्रेगर या गृहस्थांनी १९८५ साली त्याच कांड्यांवर अन्न शिजविण्याची शेगडी बनविली. त्यांच्या पेटंटाची मुदत संपल्यावर इतर अनेकांनीही तशा शेगड्या काढल्या.

रचना साधी आहे. एका बाजूस कांड्यांची पेटी. तिच्या तळाशी मळसूत्री दांडा. दांडा फिरला की थोड्या थोड्या कांड्या पुढे सरकून लहानशा लोखंडी वाटीत पडतात. तेथे विजेने तापणारी सळई त्यांना पेटविते आणि पंखा वारा घालतो. आजीची फुंकणी ती हीच! वर एक जाड पत्रा असल्याने ज्वाला अन्नाला भिडत नाही. झाकण मिटल्यावर तप्त हवा आणि धूर आत खेळत राहतात. आतील तापमापक आच मोजतो आणि त्याप्रमाणे दांडा जलद वा मंद फिरतो. मंद आचेवर तासाला सुमारे १ पौंड कांड्या लागतात, तीव्र आचेवर २ ते ३ पौंड. राख अगदी चिमूटभर उरते.

माझे हे व्याख्यान आईने शांतपणे ऐकले, पेटीत हात घालून कांड्या चाचपल्या आणि म्हणाली, ''म्हणजे भुशाची शेगडी!'' १९६० च्या सुमारास ती शाळेसाठी पुण्यात आपल्या मामांकडे राहत असे. वखारीतून भुशाचे पोते आणावयाचे, पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून सभोवार भुसा ठासावयाचा, बाटली अलगद काढून घ्यावयाची आणि खालच्या भोकातून शेगडी पेटवावयाची; नीट ठासलेली शेगडी तीन-चार तास जळे. हे काम मामींनी तिच्याकडे सोपविले होते. ''भुसा ओला असला की सत्यानाश,'' ती म्हणाली. त्या वाक्याची सत्यता पहिल्याच पावसाळी महिन्यात पटली. उघड्या राहिलेल्या पोत्यातील कांड्या ओलाव्याने फुगून त्यांचा पुन्हा भुसा झाला, मळसूत्रात घट्ट बसला, आणि एक अख्खा रविवार तो खरवडून काढण्यात गेला.

आता पदार्थांकडे वळू. पहिले वांगे. ज्वाला भिडत नसल्यामुळे निखाऱ्यावरच्या वांग्याप्रमाणे त्याची साल करपत नाही, म्हणून दोन टप्पे करावे लागतात. वांग्याला तेल लावून, टोचे मारून, प्रथम २२५ अंश फॅरनहाइटवर पाऊण तास ठेवावे; मंद आचेवर धूर अधिक होतो आणि तो वांग्यात मुरतो. मग आच ४५० अंशांवर नेऊन साल सुरकुतेपर्यंत, गर मऊ होईपर्यंत भाजावे. मक्याची कणसे सालीसकट ४०० अंशांवर अर्ध्या तासात होतात. वर मीठ, तिखट, लिंबू. उपवासाची रताळी त्याच आचेवर तासाभरात आतून मधासारखी होतात. शिजविलेले तुरीचे वरण बिडाच्या उघड्या भांड्यात २२५ अंशांवर तासभर ठेवून अधूनमधून ढवळले आणि वरून लसणीची फोडणी दिली, तर पाहुणे हमखास पातेल्याचा तळ पाहतात.

यजमानांचे मूळ घर अलिबागकडचे. त्यांना थंडीतील पोपटीची आठवण येते. मडके नाही, भांबुर्डीचा पाला नाही. तेव्हा झाकणाच्या जाड बिडाच्या भांड्यात केळीचे पान अंथरून वालाच्या गोठविलेल्या शेंगा, बटाटे, ओवा आणि जाडे मीठ घालून आम्ही ते ३७५ अंशांवर तासभर ठेवतो. तिला पोपटी म्हणू नये; पोपटीची परदेशातील मावसबहीण म्हणावे. भाकरी मात्र साधली नाही. तव्यावर भाजली, पण फुगण्यासाठी तिला प्रत्यक्ष विस्तवच हवा. या झाकल्या शेगडीत ती चिवट झाली.

नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, मुलांसाठी टर्की होते. तिला ३२५ अंशांवर कित्येक तास लागतात. पण तिथे घड्याळावर विसंबू नये. मांसाच्या जाड भागात तापमापकाची सळई खुपसावी आणि आतील उष्णता १६५ अंश भरल्याशिवाय ती उतरवू नये. आमची आई शाकाहारी आहे आणि मंडळातील अनेक वडीलधारेही. म्हणून जाळ्यांचे दोन संच ठेवले आहेत. शाकाहारी स्वयंपाकापूर्वी आतील पत्रा खरवडून त्यावर नवे वेष्टन घालतो. आणि गणपतीच्या दिवसांत शेगडीवर मांसमच्छी चढत नाही. कांड्याही निवडूनच घ्याव्यात. घर तापविण्यासाठी विकतात त्या स्वयंपाकास वापरू नयेत. अन्नासाठी हिकरी, ओक, अल्डर, सफरचंद, चेरी अशा कठीण लाकडाच्या मिळतात. भाज्यांना फळझाडांचा सौम्य धूर मानवतो. हिकरीचा उग्र वाटतो.

येथवर लिहिलेले कोणाही जाणत्याने सांगितले असते. आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना संकोच वाटतो. पण तेच सांगण्याजोगे आहे.

चार वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्याकडे बारा माणसे जेवावयास होती, त्यांत दोन तान्ही मुले. दुपारपासून पाऊस कोसळत होता. शेगडी भिजू नये म्हणून मी ती घराला लागून असलेल्या मोटारीच्या गॅरेजमध्ये ओढली आणि बाहेरचे दार अर्धे उघडे ठेवले. धूर बाहेर जाताना दिसत होता. आई तेथे आली, क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, ''हे बंद कर. दिसतो तेवढाच धूर नसतो.'' मी म्हटले, ''आई, दार उघडं आहे. तू आत जाऊन बस.'' वीस मिनिटांनी घरातील कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी घंटा किंचाळू लागली. शेगडी थांबविली, दारे-खिडक्या उघडल्या आणि नेसत्या शालू-पैठण्यांनिशी सर्वजण पावसात जाऊन उभे राहिलो. अग्निशामक दलाची माणसे आली, त्यांनी खोल्याखोल्यांतून हवा मोजली आणि बऱ्याच वेळाने आम्हांला आत सोडले. कोणास काही झाले नाही.

या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपलेला मनुष्य झोपेतच जातो. हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून शिकविते. जे मला पुस्तकातून ठाऊक होते ते आईला तिच्या आईच्या खोकल्यातून ठाऊक होते, आणि दोघींत ती अधिक शिकलेली ठरली. त्या रात्री तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. भांडी आवरताना एवढेच म्हणाली, ''आजीच्या स्वयंपाकघरालाही दार होतं गं.''

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, घरात लाकूड, शेण, कोळसा इत्यादी जाळल्याने दूषित होणाऱ्या हवेमुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली. चुलीवरच्या चवीचे गोडवे गाताना आपण ही बाजू विसरतो. जिला आपण आपले बालपण म्हणून जपतो ती चव कोणाच्या तरी छातीतून आलेली असते. धुराची रुची घ्यावी, पण ती उघड्या आकाशाखाली, हौसेपुरती आणि केव्हाही विझविता येईल अशीच. आजीला यांतले काहीच मिळाले नाही.

तेव्हा ज्यांना ही शेगडी घ्यावयाची असेल त्यांनी अवश्य घ्यावी. भिंतीपासून व शेजाऱ्यांच्या खिडकीपासून ती दूर ठेवावी, छपराखाली वा गॅरेजमध्ये कदापि पेटवू नये, ओघळलेली चरबी साचू देऊ नये, आणि पाऊस आला तर सरळ आत जाऊन पिठलेभात करावा. आमच्या घरी आता हाच नियम आहे.

आई हल्ली परसात खुर्ची टाकून बसते. वारा कोणीकडून येतो ते आधी पाहते आणि त्याप्रमाणे खुर्ची हलवावयास लावते. वांगी यजमान भाजतात. सोलणे आणि कालविणे तिच्याकडे. गेल्या उन्हाळ्यात पहिला घास घेऊन ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''अगदी आईच्या हातचं.'' आणि थोड्या वेळाने, जावयाकडे पाहून, ''पुढच्या वेळी मिरच्याही तिथेच भाजा.''